अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कोण बदलणार?

आपल्या वस्तीत कुणी आजारी पडले की पहिला आठवडा घर माणसांनी भरलेले असते. शहाळी येतात, मोसंबी येतात, बिस्किटांचे पुडे येतात. रुग्णालयात रात्र काढायला शेजारची मुले न सांगता हजर होतात. ही आपल्या माणसांची मोठी पुंजी आहे. पण रुग्ण घरी आला, त्याला उठता-बसता येईना, महिना झाला, दोन महिने झाले, की दारातल्या चपला कमी होत जातात. शेवटी दोघेच उरतात. एक खाटेवरचा आणि एक त्याचे करणारी. रुग्णाला खरा धोका असतो तो याच दिवसांत.

अंथरुणाला खिळलेला माणूस बऱ्याच वेळा मूळ आजारापेक्षा मागून येणाऱ्या त्रासांनी खचतो. पाठीला जखमा पडतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, लघवीत जंतू होतात, सांधे आखडतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. यांतले पुष्कळसे टाळता येते. त्यासाठी फार पैसा लागत नाही, पण माहिती लागते आणि एकापेक्षा जास्त माणसांचे हात लागतात. हे आम्हाला उशिरा कळले. म्हणून दुसऱ्यांना सांगण्याआधी आमच्याच घरात काय चुकले ते सांगतो.

आमच्या घरी काय झाले

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. विक्रोळीच्या एका कारखान्यात सारे आयुष्य उभ्याने काम केलेला माणूस एका सकाळी मोरीत पडला, तो पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहिला नाही. डावी बाजू लुळी पडली. बारा दिवस रुग्णालयात ठेवून त्यांना घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे होती. त्यांना किती वेळाने वळवायचे, कसे उचलायचे, घास कसा भरवायचा, हे त्यावर लिहिलेले नव्हते. कुणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्ही विचारलेही नाही.

घाटकोपरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आप्पांची खाट लागली. त्यांचे सगळे आमच्या पत्नीकडे आले. पहाटे पाणी भरायचे, मुलांचे डबे करायचे, मग आप्पांचे तोंड धुणे, बेडपॅन, अंग पुसणे, भरवणे. आम्ही सकाळी साडेसातला कामावर जायचो, रात्री आठला यायचो. आल्यावर आप्पांच्या उशाशी बसायचो, गोळ्या द्यायचो, बातम्या लावून द्यायचो. आपण वडिलांची सेवा करतो, असे आम्हाला मनापासून वाटत होते.

तिसऱ्या आठवड्यात पत्नी म्हणाली, "आप्पांच्या माकडहाडावर काळपट डाग दिसतोय. हाताला गरम लागतो."

आम्ही म्हटले, "झोपून झोपून होतं तसं. तेल चोळ जरा."

तिने तेल चोळले. शेजारच्या मावशींनी स्पिरिट लावायला सांगितले, तेही लावले. वर पावडर टाकली. कुणीतरी हवा भरायची रबरी रिंग आणून दिली, ती खाली ठेवली. प्रत्येकाने मायेनेच सांगितले होते. आठ दिवसांत कातडी फुटली.

पुढे दोन-चार दिवसांतच आप्पांना एकटीने वर सरकवताना पत्नीच्या कमरेत उसण भरली. तिला जागचे हलता येईना. त्या रात्री आप्पांचे कपडे बदलायची पाळी आमच्यावर आली. आम्ही त्यांना कुशीवर केले आणि पहिल्यांदा जखम पाहिली. तोंड बाटलीच्या बुचाएवढे, पण आत खोल गेलेली. वास येत होता. महिनाभर आम्ही त्याच खोलीत, त्यांच्यापासून पाच फुटांवर झोपत होतो. एकदाही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एका निवृत्त परिचारिकेला बोलावले. त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. त्यांनी जखम पाहिली आणि आजच्या आज डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितले. मग विचारले, "घरात पुरुष माणसं किती?"

आम्ही सांगितले, एक आम्ही, आणि एक मुलगा नववीत आहे.

"मग ही एकटी का उचलते?" त्या म्हणाल्या.

आमच्याकडे उत्तर नव्हते. जखम भरायला साडेचार महिने लागले.

जखम बाहेरून दिसण्याआधी आत सुरू होते

धडधाकट माणूस झोपेतही कितीतरी वेळा कूस बदलतो. एका जागी भार पडला, रक्त पोहोचेना, की शरीर आपोआप हलते. अर्धांगवायू झालेल्या, कमरेचे हाड मोडलेल्या किंवा फार अशक्त झालेल्या माणसाला हे जमत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि आतले मांस मरू लागते. काही तासांतही याची सुरुवात होऊ शकते. यालाच बेडसोअर म्हणतात.

माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्यांची पाती, डोक्याची मागची बाजू आणि कानाच्या पाळ्या, जिथे जिथे हाड कातडीच्या जवळ आहे त्या जागा रोज अंग पुसताना उजेडात पाहाव्यात. पुस्तकांत लिहिलेले असते की लाल डाग दिसतो. पण आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. डाग जांभळट किंवा अधिक काळा दिसतो. म्हणून डोळ्यांबरोबर हातानेही पाहावे. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिचपिचीत लागते का? हात लावल्यावर रुग्ण कण्हतो का? उजळ कातडीवर बोटाने दाबले की जागा पांढरी पडून पुन्हा लाल होते. दाबूनही रंग बदलत नसेल तर ती धोक्याची खूण समजावी. आमच्या पत्नीच्या हाताला ही खूण कळली होती. आम्ही तिचे ऐकले नाही.

आमच्या तीन चुका आपण करू नका. डाग पडलेली जागा चोळू नका. आतल्या नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या त्याने आणखी फाटतात. रबरी रिंग वापरू नका. रिंगेच्या कडेचा दाब भोवतालचे रक्त अडवतो आणि मधल्या भागाचे हाल होतात. स्पिरिट लावू नका, त्याने कातडी कोरडी पडून तडकते. कातडी फुटलीच तर हळद, राख, कॉफीची पूड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतले काहीही जखमेत घालू नये. सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी आणि ड्रेसिंग कशाचे, किती दिवसांनी करायचे ते डॉक्टर किंवा सिस्टर यांना विचारून करावे.

केईएममधील एक खोली

पैसा नाही, जागा नाही, मग आपल्याला हे कसे जमणार, असे कुणाला वाटेल. आम्हालाही वाटले होते. तेव्हा सिस्टरनी आम्हाला अरुणा शानबागची आठवण करून दिली.

अरुणा शानबाग परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात तिच्यावर एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू झाला. ही एकेचाळीस वर्षांहून अधिक वर्षे तिला वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत केईएमच्या परिचारिकांनी सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली की पुढच्या पिढीने तिला हाती घेतले. तिला तिथून हलवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा परिचारिकांनी विरोध केला. इतक्या वर्षांत तिला एकही बेडसोअर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात घेतली आणि या परिचारिकांची प्रशंसा केली.

ते महापालिकेचे रुग्णालय आहे. तुमच्या आमच्यासारख्यांनी भरलेले, कामाचा प्रचंड बोजा असलेले. उलट हॉलीवूडच्या सिनेमात सुपरमॅन झालेला नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. त्याच्या दिमतीला पैसा होता, उत्तम डॉक्टर होते. तरीही ऑक्टोबर २००४ मध्ये तो गेला, त्या वेळी त्याच्यावर बेडसोअरमधून झालेल्या संसर्गाचे उपचार चालू होते. त्याच्या घरच्यांनी हयगय केली असे कुणी म्हणू नये. काही रुग्णांत सगळे करूनही जखम होते. पण केईएमच्या खोलीत जे घडले त्यावरून एवढे नक्की कळते की बेडसोअर हे अंथरुणावरच्या माणसाचे नशीब नव्हे.

आणि आणखी एक. अरुणाचा अंत न्यूमोनियाने झाला. इतक्या चोख सेवेतही छातीचा धोका मागे असतोच. म्हणून फक्त पाठ सांभाळून भागत नाही.

घड्याळ भिंतीला, पेन्सिल कॅलेंडरला

पहिला नियम दर दोन तासांनी कूस बदलण्याचा. डावी कूस, उताणे, उजवी कूस, पुन्हा उताणे. लुळ्या बाजूवर कमी वेळ ठेवावे. कुशीवर करताना रुग्णाला पूर्ण आडवा न करता पाठीमागे उशी देऊन थोडा कललेला ठेवावा, म्हणजे सगळा भार खुब्याच्या हाडावर येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये मऊ उशी किंवा गोधडीची घडी ठेवावी. उताणे असताना पिंढरीखाली उशी द्यावी आणि टाचा अधांतरी राहू द्याव्यात.

वर सरकवताना बगलेत हात घालून ओढू नये. ओढताना कातडी गादीला चिकटून राहते आणि आतले मांस पुढे जाते, जखम त्यानेही होते. जुन्या सुती लुगड्याची चौघडी करून ती खांद्यांपासून मांड्यांपर्यंत कायम अंथरून ठेवावी. दोन बाजूंना दोघांनी उभे राहून ती मुठीत धरावी आणि एकदम उचलून सरकवावे. खाट बुटकी असेल तर चारही पायांखाली पक्क्या, न डगमगणाऱ्या विटा द्याव्यात. वाकून वाकून करणाऱ्याची कंबर जाते, तेवढी तरी वाचते. चादरीला चुण्या नकोत, अंथरुणात बिस्किटाचा चुरा नको.

एअरबेड घेता आला तर चांगलेच. तो भाड्यानेही मिळतो. पण एअरबेड आला म्हणजे कूस बदलायची सुटका झाली, असे समजू नये. आमच्याकडे एअरबेड आल्यावर डॉक्टरांनी पाठ पाहून रात्रीचे अंतर तीन तासांवर नेऊ दिले, इतकेच.

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन्सिल बांधली. कोणत्या वेळी कोणती कूस, ते त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. रात्री अकरा आणि दोनची पाळी आमची. पहाटे पाचला पत्नी नळाच्या पाण्याला उठते, तेव्हाची तिची. नववीतल्या मुलाने शाळेतून आल्यावरची पाळी स्वतःहून घेतली. बोरिवलीला राहणारा धाकटा भाऊ अंधेरीला कामाला आहे. तो दर शनिवारी मेट्रोने थेट घाटकोपरला येऊन रात्री मुक्काम करू लागला. मुलुंडची बहीण बुधवारी दुपारी येऊ लागली, म्हणजे पत्नीला तीन तास झोप मिळू लागली. हे सगळे पहिल्या दिवसापासून करता आले असते. कुणी नाही म्हटले नव्हते. आम्ही कुणाला विचारलेच नव्हते.

घास, पाणी आणि लघवी

जखम होऊ नये आणि झालेली भरावी, यासाठी पोटात प्रथिने जावी लागतात. महागडे डबे आणायची गरज नाही. अंडे, घट्ट वरण, मोड आलेली मटकी शिजवून, शेंगदाण्याचे कूट, दही, काटे नीट काढलेले मासे चालतात. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

भरवताना रुग्णाला झोपवून कधीही भरवू नये. पाठीला आधार देऊन ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, पहिला गिळल्यावरच दुसरा द्यावा. गुंगीत किंवा अर्धवट झोपेत असताना घास देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून ठेवावे. पाणी किंवा चहा पिताना ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. न्यूमोनियाची ती एक वाट आहे. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. पातळ चहा-पाण्यापेक्षा दाटसर पेज किंवा आंबील काही रुग्णांना सोपी जाते, पण ते तपासणीनंतर ठरवावे. नाकातून नळी असेल तर अन्न देताना आणि नंतरही डोके उंच ठेवावे, नळीवरची खूण सरकलेली नाही ना ते आधी पाहावे, आणि शेवटी थोडे पाणी सोडून नळी साफ करावी.

दात, जीभ आणि हिरड्या दिवसातून दोनदा स्वच्छ कराव्यात. कवळी रात्री काढून ठेवावी. तोंडातली घाणच पुढे छातीत उतरते. दिवसा जमेल तितका वेळ बसवावे, दीर्घ श्वास घ्यायला लावावे, खोकून कफ काढायला सांगावे.

आता पाण्याविषयी. आप्पा पाणी प्यायला नको म्हणायचे. भांडे पुढे केले की मान फिरवायचे. आम्ही त्याला हट्टीपणा समजलो. त्यांना लघवीला जळजळ होऊन थंडी-ताप आला, तेव्हा सिस्टरनी त्यांना एकटे बसवून विचारले. बोलणे तुटक होते, पण कळले. पाणी प्यायले की लघवी होणार, लघवी झाली की सुनेला सांगावे लागणार. त्याची त्यांना लाज वाटत होती. म्हणून हा माणूस तहान मारत होता.

त्या दिवसापासून आप्पांची लघवी, शौच आणि अंग धुणे हे काम सकाळ-संध्याकाळ आम्ही हाती घेतले. पहिले काही दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडत. मग एकदा आम्हीच गडबडीत भांडे सांडले, तेव्हा झटका आल्यापासून प्रथमच हसले. पाणी प्यायला लागले. वाचकहो, अंथरुणावरच्या माणसालाही अब्रू असते. चादर धरा, दार लोटून घ्या, चारचौघांसमोर त्याचे कपडे बदलू नका. पाण्याची मात्रा हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर भरपूर ठेवा, असेल तर डॉक्टर सांगतील तेवढी ठेवा.

लघवीची नळी घातलेली असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, पण जमिनीला टेकू नये. नळीला पीळ पडू देऊ नये. पिशवी गच्च भरायची वाट न पाहता रिकामी करावी. आधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. नळी बदलायची तारीख लिहून ठेवावी. डायपर असेल तर ओला झाला की लगेच बदलावा. कोमट पाण्याने धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे आणि वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. पावडर घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात, ती नको.

शौच चार दिवस झाले नाही आणि मग एकदम पातळ पाणी झिरपू लागले, तर घरचे लोक जुलाबाची गोळी देतात. पुष्कळदा आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी येत असते. जुलाब थांबवण्याची गोळी देण्याआधी दाखवून घ्यावे.

हात-पाय आखडू नयेत म्हणून

न हलणारा सांधा थोड्या आठवड्यांतच आखडू लागतो. म्हणून खांदा, कोपर, मनगट, बोटे, खुबा, गुडघा, घोटा असा प्रत्येक सांधा दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-दहा वेळा, दुखणार नाही इतपत सावकाश हलवावा. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधी उठवू नये, खांदा निखळतो. पाऊल खाली लोंबू लागते, त्याला कसा आधार द्यायचा ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. पूर्व उपनगरातल्या लोकांनी राजावाडीला, पश्चिमेकडच्यांनी कूपरला फिजिओथेरपीची चौकशी करावी. रुग्णाला रोज नेणे शक्य नसते, पण एकदा नेऊन घरच्या दोघांनी व्यायाम शिकून घेतले तरी पुष्कळ काम होते. शिकताना मोबाईलवर चित्रण करून ठेवावे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर तो चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती फुप्फुसाकडे सरकू शकते. लगेच रुग्णालय गाठा. अचानक दम लागला, ओठ निळसर झाले, छातीत दुखू लागले, तर १०८ ला फोन करा. ताप, थंडी वाजणे, गढूळ किंवा रक्त मिसळलेली लघवी, लघवी बंद होणे, जखमेतून पू किंवा वास येणे, जखमेत काळा भाग दिसणे, कालपर्यंत ओळखणारा माणूस आज बरळू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. म्हाताऱ्या माणसात कधी कधी ताप न येताही आत संसर्ग असतो आणि बरळणे हीच त्याची एकमेव खूण असते.

करणाऱ्यालाही माणूस समजा

आपल्या घरांत रुग्णाचे करणारी बहुतेक बाईच असते. सून, बायको, लेक. तिची झोप तुटते, कंबर जाते, घरकामाची कामे सुटतात, पगार बुडतो. ती चिडली की तिला माया नाही असे बोलायलाही लोक कमी करत नाहीत. आम्ही सांगतो, चिडणे हे थकल्याचे लक्षण आहे. तिला आठवड्यातून एक दुपार तरी पूर्ण मोकळी मिळाली पाहिजे. भेटायला येणाऱ्यांनी मोसंबी आणण्यापेक्षा दोन तास बसून एक कूस बदलून द्यावी.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. पोटाच्या विकाराने तो आपल्याच घाणीत पडून होता. तुझे करायला कुणी का नाही, असे तथागतांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला की मी कुणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कुणी माझ्याकडे पाहत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला पाठवले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. नंतर भिक्खूंना बोलावून त्यांनी समजावले की तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर दुसरे कोण करणार, आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. ही गोष्ट आपण विहारात पुष्कळ वेळा ऐकली आहे. आप्पांना लुगड्याच्या चौघडीने उचलताना आम्हाला तिच्यातली एक साधी बाब कळली. त्या भिक्खूला उचलायला दोघे होते.

आप्पा २०१९ च्या डिसेंबरात दुसऱ्या झटक्याने गेले. शेवटची आंघोळ आम्ही दोघा भावांनी घातली. पाठीवर जुन्या जखमेचा वण होता. नवी जखम एकही नव्हती.

आमच्या विहाराने जयंतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत एक एअरबेड, एक व्हीलचेअर आणि दोन बेडपॅन घेऊन ठेवले आहेत. ज्याला लागेल तो वही​त नाव लिहून घेऊन जातो आणि धुऊन परत आणतो. प्रत्येक विहाराला हे जमण्यासारखे आहे. येत्या रविवारी वंदना संपल्यावर सगळे उठण्याआधी एकाने एवढेच विचारावे, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे? आणि दुसऱ्याने विचारावे, या आठवड्यात तिथे कोण कोण जाणार?